थंडीत गाडी उचलत नाही. पण दोष खरंच बॅटरीचा आहे का?

वर्धा : पहाटेचे पाच वाजले आहेत. रात्रीच कापूस भरून ठेवलेली पिकअप अंगणात उभी आहे. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज, मीटरचे दिवे मंद, आणि गाडी जागची हलत नाही. मग शेजारच्या पोरांना उठवा, धक्का मारा, नाहीतर ट्रॅक्टर आणून वायर जोडा. देवळीपासून आष्टीपर्यंत डिसेंबर-जानेवारीत हे चित्र कोणत्याही गावात दिसतं.

एरवी तासभर उशीर झाला तर चालून जातं. पण 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयला कापूस विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो. स्लॉटच्या दिवशी गाडीच उठली नाही तर भाड्याची दुसरी गाडी पाहा, नाहीतर खासगी व्यापाऱ्याचा भाव घ्या. दूध आणि भाजीवाल्यांचं तर सगळं गणितच पहाटेवर. म्हणून घाईघाईत पहिला उपाय होतो तो नवीन बॅटरी टाकण्याचा. पाच ते आठ हजार रुपये जातात आणि पंधरा दिवसांनी नवीन बॅटरीही बसते. कारण दोष चार्जिंगचा होता, बॅटरीचा नव्हताच.

मुळात विदर्भाची थंडी बॅटरी मारण्याइतकी कडक नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरला पारा 3.5 अंशांवर गेला होता, पण असे दिवस मोजकेच. एरवी वर्ध्याचं किमान तापमान त्याहून बरंच वर असतं. बॅटरीचं खरं नुकसान होतं ते मे महिन्यात, 45 अंशांत. उष्णतेनं आतलं पाणी उडतं आणि प्लेटांची झीज वाढते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ही झीज जवळपास दुप्पट वेगानं होते. उन्हाळ्यात इंजिन लगेच फिरतं म्हणून हा कमकुवतपणा झाकला जातो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि स्टार्टरला जास्त जोर लागतो. मे मधलं दुखणं डिसेंबरमध्ये बाहेर येतं ते असं.

आता बॅटरी की अल्टरनेटर, हे कसं ओळखायचं? दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टीमीटर पुरतो. गावात कोणा वायरमनकडे तो असतोच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता एकानं चावी मारावी आणि दुसऱ्यानं काटा पाहावा. भरलेली बॅटरी असूनही स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे.

गाडी सुरू झाली की खरी परीक्षा अल्टरनेटरची. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, थोडी रेस देऊनही आकडा 13 च्या वर चढत नसेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग पाहावं. सकाळी सुरू करताच 'ची-ची' आवाज येत असेल तर पट्टा ढिला किंवा घासलेला असतो. हे काम शेकड्यांत होतं, हजारांत नाही. उलट आकडा 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो. काही नवीन बीएस-6 गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, त्यामुळे आकडा खाली-वर होतो. एकदाच पाहून अल्टरनेटर बदलू नये.

एक जुनी खोड मात्र सोडलीच पाहिजे. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन बंद पडतं का ते पाहायचं, अशी 'टेस्ट' अजूनही काही ठिकाणी करतात. जुन्या जीपला ते चालून गेलं असेल. आजच्या गाडीत त्यानं अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीएम दोन्ही उडू शकतात, आणि ईसीएमचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो.

दोन्ही आकडे ठीक, तरी सकाळी बॅटरी रिकामी? मग रात्री कुठेतरी करंट गळतोय. मागून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस, ट्रॉलीच्या लाइटची उघडी वायर, किंवा अल्टरनेटरचाच खराब डायोड. रोज घर ते फाटा अशी चार-पाच किलोमीटरचीच चक्कर असेल तर स्टार्टरनं खाल्लेला करंट भरूनच निघत नाही. ही अडचण गाडीची नाही, वापराची आहे.

आणि स्टार्टर जोरात फिरतोय पण डिझेल इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. हीटर प्लग तपासावेत. मीटरवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबायची सवय कित्येक चालकांना नसतेच.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुऊन, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. बॅटरीत टाकायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं क्षाराचं पाणी टाकलं की प्लेटा खराब होतात. वायर जोडून गाडी सुरू करताना काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला लावावं, बॅटरीला नाही. तिथे गॅस असतो, ठिणगी नको आणि बिडीही नको. टिप्पर-ट्रकची 24 व्होल्टची लाइन पिकअपला कधीच जोडू नये.

दुकानदार 'बॅटरी गेली' म्हणाला तर आधी ती आठ-दहा तास हळू चार्ज करून मग लोड टेस्ट करायला सांगावं. रिकाम्या बॅटरीवर केलेली टेस्ट खोटी निघू शकते. वॉरंटी कार्ड सांभाळून ठेवलं असेल तर आधी तेच काढावं. घ्यायचीच वेळ आली तर 22 सप्टेंबर 2025 पासून लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा पक्कं बिल मागून दर पाहावा. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भाव असतो, तो बिलातून वजा करून घ्यावा.