खराटे, छायाचित्र आणि पाटकरी

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी धुळ्यातील देवपुराहून पांझरेच्या पुलावर येत असता, नदीकाठी गणवेशातील तीसएक मुले कोरे करकरीत खराटे घेऊन रांगेत उभी असलेली दिसली. गुरुजींनी मोबाईल उंचावला, खराटे एकदम जमिनीला टेकले, छायाचित्र निघाले आणि पाव तासात मंडळी परतली, प्लास्टिकच्या पिशव्या मात्र काटेरी झुडपांवर जिथल्या तिथे फडफडत राहिल्या. प्रकल्पवहीत त्या दिवसाची नोंद 'समाजसेवा' अशीच झाली असणार.

मुलांना मी दोष देत नाही. 1964 ते 1966 या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभव व समाजसेवा यांना शिक्षणक्रमात स्थान देण्याची शिफारस केली, ती हेतूने निर्दोष होती. परंतु शिफारशीचे परिपत्रक, परिपत्रकाचा तक्ता आणि तक्त्याचे गुण होता होता सेवा हा निव्वळ दप्तरी मामला झाला.

ती न झाल्यास कुणाचे अडते काय, ही सेवेची माझी कसोटी. याच पांझरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या स्वतः सांभाळलेल्या फड पद्धतीत, बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतोशेती फिरवणारा पाटकरी पाळी चुकला, की शेवटच्या शेतकऱ्याचे वाफे कोरडे राहतात आणि तो जाब विचारायला उभा ठाकतो. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, त्याची तर कुठे नोंदही नव्हती. शाळेतून परतलेल्या मुलाला आवरलेली खोली दिसे, एवढेच.

म्हणून माझी सूचना अगदी किरकोळ आहे. नववीच्या तुकडीने वर्षभर एकच काम करावे: आपल्या गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी, किती वाजता आणि किती वेळ आले, हे घरोघर विचारून टिपावे, गणिताच्या तासाला त्याचा ताळेबंद मांडावा, मराठीच्या तासाला महानगरपालिकेला अर्ज लिहावा आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्रही. निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सारे ओझे वाहणाऱ्या शिक्षकावर हे आणखी एक लादायचे असेल, तर आधी त्याचे दोन तक्ते कमी करावेत, हेही ओघाने आलेच.

पहिल्या महिन्यात मुले कंटाळतील, एखादा दिवस बुडवतीलही. मग दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची आजी हंडा कडेवर घेऊन दारातच अडवील, "काल काबर नही उनात रे?"