घरपोच शिक्का आणि मृत्युपत्राचे बळ

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली 'घरपोच नोटरी'च्या जाहिराती फिरतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा जिना उतरू न शकणाऱ्या माणसासाठी ही सोय चांगलीच आहे आणि तिला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिच्याभोवती रुजलेल्या समजुतीला. नोटरी घरी आला, शिक्का मारून गेला, आता निरवानिरव झाली, असे लोक धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत मागे राहिलेली बायको, मुलगी किंवा म्हातारी आई मोजते. मृत्युपत्राचे बळ शिक्क्यात नसते, साक्षीत असते. आणि ती साक्ष माणूस चालता-बोलता असतानाच उभी करावी लागते, असे माझे ठाम मत आहे. याविरुद्ध जे बोलले जाते, ते एकेक घेऊन तपासू.

पहिला पूर्वपक्ष असा: "आमच्याकडे आहे काय? एक फ्लॅट, चार ठेवी. मुलं समजूतदार आहेत, आपसांत बघतील." हे बहुतेक चांगल्या घरांतून ऐकू येते आणि त्यामागचा विश्वास खराही असतो. पण मृत्युपत्र नसले म्हणून वाटणी थांबत नाही. ती कायदा करतो, आणि कायद्याला घरातली माणसे ठाऊक नसतात. डोंबिवलीतला दोन खोल्यांचा एक फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, पण हप्ते दोघांनी पोटाला चिमटा घेऊन फेडलेले. नवरा अचानक गेला. मागे बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची म्हातारी आई. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे चौघांना सारखा वाटा, म्हणजे बायकोला स्वतःच्या घराचा पाव हिस्सा. दोन वर्षांनी सासू गेली, तीही मृत्युपत्र न करता. आता सासूचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे जाणार, म्हणजे नातवंडांबरोबर दीर आणि नणंदाही त्या फ्लॅटच्या भागीदार झाल्या. कुणी भांडले नाही, कुणाच्या मनात पाप नाही. तरीही फ्लॅट विकायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर हक्कसोडपत्रासाठी एकेकाच्या दारी जायला हवे. नवऱ्याने दोन पानांचा कागद केला असता, तर यातले काहीच झाले नसते.

बायकांच्या बाबतीत हा कायदा आणखी कठोर आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो. 'ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण' या खटल्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके हेच आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांतच ती विधवा झाली आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, तिने पैसा साठवला. तिच्या मृत्यूनंतर न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कायदा स्पष्ट असल्याने मिळकत सासरच्या वारसांकडेच गेली. म्हणून माझे म्हणणे असे, की कमावत्या स्त्रीने, मग ती अविवाहित असो, विवाहित असो वा विधवा, मृत्युपत्राच्या कामाला पहिल्यांदा लागावे.

दुसरा पूर्वपक्ष: "सगळीकडे नॉमिनी लावलाय." नॉमिनी लावणे आवश्यकच आहे, त्याने पैसे लवकर हातात येतात. पण ते हातात येणे म्हणजे मालकी नव्हे. 'सरबती देवी' प्रकरणात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या नॉमिनीबद्दल हेच सांगितले: तो रक्कम स्वीकारणारा, मालक वारसच. पुढे 2015 च्या दुरुस्तीने विम्यापुरता जोडीदार, आईवडील आणि मुले यांच्यासाठी अपवाद झाला. शेअर आणि कंपन्यांच्या रोख्यांबाबत मात्र डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पुन्हा तोच निर्वाळा दिला, की नॉमिनी वारसांना डावलू शकत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यातही आता नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. म्हणजे नॉमिनी एक आणि वारस दुसरेच असले, की भांडणाचे बी आपणच पेरून जातो.

तिसरा पूर्वपक्ष लेखाच्या मुळाशी आहे: "नोटरी केलंय ना, मग झालं." नोटरी 1952 च्या कायद्याने नेमलेला असतो आणि बहुधा वकील असतो. समोरच्याची ओळख पटवणे, सही आपल्यासमोर झाली असे प्रमाणित करणे, नोंदवहीत नोंद घेणे हे त्याचे काम. प्रतिज्ञापत्रासाठी, करारासाठी, खऱ्या प्रतीसाठी ते मोलाचे आहे. पण मृत्युपत्र कसे करावे हे भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 मध्ये सांगितले आहे आणि तिथे ना नोटरीची अट आहे, ना स्टॅम्पपेपरची. करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा उठवावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी किंवा 'ही माझीच सही' असे त्याच्या तोंडून ऐकावे. आणि प्रत्येकाने त्याच्यासमोर स्वतःची सही करावी. एवढे झाले की साध्या कोऱ्या कागदावरचे मृत्युपत्रही पुरे होते. एवढे झाले नसेल, तर लाल-निळ्या शिक्क्यांनी भरलेले पानही अपुरे ठरते.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वाद झाला तर हयात असलेल्या आणि हजर होऊ शकणाऱ्या साक्षीदारांपैकी निदान एकाने कोर्टात येऊन सांगावे लागते, की सही माझ्यादेखत झाली. नोटरीबरोबर आलेला कारकून साक्षीदार म्हणून सही करून निघून गेला, तर पंधरा वर्षांनी त्याला शोधायचे कुठे? साक्षीदार आपल्याहून लहान वयाचा, ओळखीचा, सहज सापडणारा आणि मिळकतीत वाटा नसलेला असावा. शेजारच्या घरातला चाळिशीचा गृहस्थ किंवा घरी नेहमी येणारे डॉक्टर यासाठी कोणत्याही शिक्क्यापेक्षा उपयोगी पडतात.

गोव्यात मात्र वेगळी व्यवस्था आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला 2012 चा उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्राचे काम सरकारी विशेष नोटरीपुढे चालते आणि मुलाबाळांसाठी निम्मी मिळकत राखून ठेवावीच लागते. मुस्लिम कायद्यातही वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून सावंतवाडीच्या माणसाने म्हापशाच्या मित्राचा मसुदा उतरवून घेऊ नये.

चौथा पूर्वपक्ष परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडून येतो: "बाबांचं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही." अमेरिकेत माणसाचे भान गेल्यावरही चालू राहील असे मुखत्यारपत्र करता येते. तिथे नोटरी गाडी घेऊन घरी किंवा इस्पितळात येतो आणि संध्याकाळपर्यंत काम उरकते. ती सवय घेऊन मुले इथे पाहतात. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मात्र मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याचे मानसिक भान सुटले, की मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर, नेमकी गरज पडते त्या दिवशी हा कागद निकामी होतो. वडील गेल्यावर त्याच कागदावर बँकेतून पैसे काढत राहणे तर सरळ बेकायदा आहे. मुखत्यारपत्र हयातीतल्या आणि शुद्धीतल्या सोयीसाठी जरूर करावे, पण मृत्युपत्राची जागा ते घेऊ शकत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. "घरात केलेल्या कागदावर दडपण येतं. धाकटा मुलगा उशाशी बसून सही घेतो. अशी कामं कचेरीतच व्हावीत." दडपण येते, हे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1959 पासून सांगितले आहे, की संशयास्पद परिस्थिती असेल तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने तो संशय दूर करावा. नोंदणी केली म्हणून संशय आपोआप धुतला जात नाही. पण यावर घरपोच सोय बंद करणे हा उपाय नव्हे. तसे केले तर अर्धांगवायूने पडलेल्या माणसाचा आपली मिळकत हवी तशी देण्याचा हक्कच जातो. उपाय आहे तो खोलीत काय घडते त्याला शिस्त लावण्याचा.

ती शिस्त अशी. त्या दिवशी वाटा मिळणाऱ्या सगळ्यांना खोलीबाहेर पाठवावे. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून, माणूस शुद्धीवर आहे, समजून बोलतो आहे, असे तारखेसह लिहून द्यावे. मजकूर त्याला कळेल अशा भाषेत, शक्यतो मराठीतच असावा आणि साक्षीदारांसमोर सावकाश वाचून दाखवावा. कुणाला काय दिले हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. एखाद्या मुलाला कमी दिले असेल, तर त्याचे कारण एका ओळीत लिहावे. प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा असावा. खाडाखोड झालीच, तर तिथेही त्याची आणि साक्षीदारांची सही घ्यावी. कचेरीच्या गर्दीत, मुलाच्या हाताला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला जे स्वातंत्र्य मिळत नाही, ते अशा खोलीत मिळते.

नोंदणीचेही तसेच. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण ती करावी असे मी म्हणेन, कारण मूळ कागद गहाळ झाला तरी सरकारदप्तरी त्याची प्रत राहते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि महाराष्ट्रात नोंदणी फी नाममात्र शंभर रुपये आहे. त्यासाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नोंदणी कायद्याच्या कलम 31 मध्ये सबळ कारण दाखवले तर घरी येऊन दस्त स्वीकारण्याची तरतूद 1908 सालापासून आहे. आपल्याकडे तिला 'गृहभेट' म्हणतात. मजकूर गुप्त ठेवायचा असेल, तर बंद पाकिटात मृत्युपत्र निबंधकाकडे ठेवायची सोयही याच कायद्यात आहे. ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या फलकावर लागली पाहिजे, कारण हक्काची सेवा ठाऊक नसल्याने लोक नुसत्या शिक्क्यावर समाधान मानतात.

नोटरीला घरी जरूर बोलवावे, पण त्याच्या खऱ्या कामासाठी. असाध्य आजारात कृत्रिम उपायांनी जीव लांबवू नये, अशी इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये मान्य केला. तेव्हा त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती अट बदलली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. अतिदक्षता विभागाच्या दारात मुलांवर येणारा निर्णयाचा भार या एका कागदाने हलका होतो.

म्हणून मागणी सोपी आहे. पन्नाशी गाठलेल्या प्रत्येकाने, आणि कमावत्या स्त्रीने त्याआधीच, मृत्युपत्र करावे, त्यात ते अमलात आणणारा व्यवस्थापक नेमावा, नॉमिनी मृत्युपत्राशी जुळते ठेवावेत आणि वैद्यकीय इच्छापत्र नोटरीसमोर करून घ्यावे. मत बदलले तर मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येते, त्यामुळे आज सही केली म्हणून हात बांधले जात नाहीत. मृत्युपत्र करणे हा मुलांवरचा अविश्वास आहे, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. भावाबहिणींना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या नसतील, तर आईबापांनी आपल्या हाताने, दोन माणसांच्या साक्षीने, आपली इच्छा लिहून ठेवणे हे त्यांचे शेवटचे मोठे कर्तव्य आहे.