‘गावाला दहा लाख आले, गेले कुठे?’ असा मेसेज आला तर काय तपासायचं?

‘शासनाने आपल्या ग्रामपंचायतीला इतके लाख दिले. सरपंचबाईंनी काय केले? पुढे पाठवा.’ सोबत सरकारी संकेतस्थळाचा एक स्क्रीनशॉट. असा मेसेज तुमच्याही गावाच्या ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. दोन तासांत त्यावर पन्नास प्रतिक्रिया येतात, त्यातल्या निम्म्या सरपंचबाईंच्या नवऱ्याबद्दल असतात आणि मूळ आकडा कुणी उघडून पाहिलेला नसतो.

देशपातळीवरची अफवा पकडायला यंत्रणा आहेत. पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतो, काही वृत्तसंस्थाही हे काम करतात. एकच मेसेज फार फिरला तर व्हॉट्सॲप तो एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. गावातल्या मेसेजला यातलं काहीच लागू पडत नाही. तो गावातच तयार होतो, दोन-तीन ग्रुपांवर फिरतो आणि तेवढ्यानं त्याचं काम होतं. एका वाडीच्या गटाराबद्दलचा दावा तपासायला बाहेरून कुणी येत नाही.

मग खरं-खोटं कसं कळणार? सुरुवात त्या आकड्यापासून करू.

ग्रामपंचायतींची माहिती केंद्राच्या ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर असते आणि ती कुणालाही पाहता येते. गोंधळ होतो तो इथेच. दरवर्षी गाव विकास आराखडा तयार करतं. त्यात रस्ता, शाळेची दुरुस्ती, नळजोडणी अशा कामांपुढे रकमा लिहिलेल्या असतात. या अंदाजे रकमा आहेत, खात्यात जमा झालेले पैसे नव्हेत. आराखड्याचं पान कापून ‘आलेला निधी’ म्हणून फिरवलं की चोरी झाली असंच वाटणार. जमा किती झाले आणि खर्च किती झाला, याची नोंद वेगळी असते. ती पाहायला हवी.

दुसरी गोष्ट, आलेला पैसा हवा तिथे वापरता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग ‘बंधित’ ठेवला, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’, पण त्यातूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे दहा लाख आले असतील तर सहा लाखांतून रस्ता करताच येणार नव्हता. ‘दहा लाख आले आणि रस्ता नाही’ या वाक्यातले दोन्ही भाग खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो.

तिसरी गोष्ट सहीची. वित्त आयोगाच्या निधीतून पैसे अदा करताना सरपंच आणि ग्रामसेवक (आता या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. मेसेजमध्ये मात्र नाव एकाच व्यक्तीचं असतं.

नाव कुणाचं येतं?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के आरक्षण आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी महिलांच्याही जागा येतात. पहिल्यांदाच पद मिळालेल्या बाईवरचा आरोप बहुतेकदा कामापुरता राहत नाही. ‘तिला काय कळतं’, ‘घरचेच चालवतात’, ‘आरक्षणानं आली’ हे लगेच मागोमाग येतं. काही गावांत सहीचं डोंगल खरोखरच नवऱ्याच्या खिशात असतं, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर बोलायचं तर ते डोंगल बाईंच्या हाती यावं म्हणून बोलावं लागेल. बाईंना खुर्चीवरून काढून तो प्रश्न सुटत नाही.

न तपासलेला दावा किती लांब जातो, हे जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावाच्या प्रकरणात दिसलं. तिथे प्रश्न व्हॉट्सॲपचा नव्हता, रीतसर तक्रारीचा होता. निवडून आलेल्या महिला सरपंच सरकारी जागेवर बांधलेल्या घरात सासूबाईंसोबत राहतात, असा आरोप गावकऱ्यांनी केला. अशा अतिक्रमणामुळे सदस्य अपात्र ठरतो. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं सरपंचांचं म्हणणं होतं. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम ठेवलं, उच्च न्यायालयात याचिका तांत्रिक कारणावरून फेटाळली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. एक बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही, असा या निकालाचा सूर होता. अधिकाऱ्यांनी नीट पडताळणी न करता लोकप्रतिनिधीला हटवलं, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं. कोण कुठे राहतं एवढ्या एका प्रश्नासाठी त्या बाईंना दिल्ली गाठावी लागली.

प्रश्न विचारायची जागा

याचा अर्थ सरपंच महिला असेल तर हिशेब मागू नये, असा नाही. ग्रामपंचायतींमध्ये गैरव्यवहार होतात, आणि गावकऱ्यांनी विचारल्यामुळेच ते उघडही होतात. फरक विचारण्याच्या पद्धतीत आहे.

राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही महिला सभा अनेकदा फक्त रजिस्टरवर होते, आणि मग पाण्याच्या पैशाचं काय झालं हे विचारायला, रोज पाणी भरणारीच सभेत नसते.

ग्रामसभेत विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येतं. गावाकडे त्याला प्रोसिडिंग म्हणतात. ग्रुपवरचा मेसेज पाठवणारा ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करू शकतो, प्रोसिडिंगमधली ओळ तशी जात नाही. सभेत उत्तर टाळलं गेलं तर माहिती अधिकारात अर्ज करून संबंधित कामाचं बिल, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत मागता येते. त्यासाठी कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे.

तोवर ग्रुपवर काय लिहायचं? ‘हा आकडा आराखड्यातला आहे की जमा झालेला?’ एवढं विचारलं तरी पुरे. त्याचं उत्तर बहुतेकदा स्क्रीनशॉटच्या कापलेल्या भागात असतं.