वंध्यत्वाची एकतर्फी तपासणी

मूल न होणाऱ्या स्त्रीला हिणवण्यासाठी मराठीत ‘वांझोटी’ हा शब्द आहे. पुरुषासाठी तसा रूढ शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणतात तो दोष वेगळा. संभोगास असमर्थ असणे आणि वीर्यात पुरेसे शुक्रजंतू नसणे या भिन्न गोष्टी होत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही हा भेद मानला आहे: नपुंसकत्वामुळे विवाह रद्द ठरू शकतो, केवळ अपत्य होत नाही म्हणून नव्हे.

समाजाचा हा घोटाळा एक वेळ समजू शकतो. तो आरोग्यसेवेतही शिरावा, ही चिंतेची बाब आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषातील दोष पूर्णतः वा अंशतः कारणीभूत असतो. तरीही नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्यात दवाखान्याची पायरी चढते ती बहुधा सून आणि तिची सासू. गर्भनलिकांचे क्ष-किरण छायाचित्र, दुर्बिणीची तपासणी हे सारे सुनेच्या वाट्याला. वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित. पण ती सुचवली जाते सर्वांत शेवटी, आणि तोवर घरात दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू झालेली असतात.

यात दोष केवळ व्यक्तींचा नाही. जननक्षम जोडप्यांची सरकारी नोंद होते ती पत्नीच्या वयावरून. २००५ नंतर आलेल्या आशा स्वयंसेविका स्त्रियाच. परक्या पुरुषापाशी त्यांनी हा विषय काढावा कसा? उपकेंद्रातील पुरुष कर्मचारी हिवतापाच्या रक्तनमुन्यांत गुंतलेला. पुरुषाच्या जननक्षमतेची शासनाला प्रकर्षाने आठवण झाली ती १९७६ साली, तीही नसबंदीपुरती!

या अज्ञानाची किंमत शरीराला मोजावी लागते. ‘ताकदीसाठी’ म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली जातात. बाहेरून मिळालेल्या या संप्रेरकाने शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, प्रसंगी थांबते. म्हणजे औषधच रोग वाढवते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी कडक ताप येऊन गेला असेल तर एकाच अहवालावरून निदान करणे चुकीचे. वृषणाच्या फुगलेल्या शिरा अनुभवी डॉक्टरला हाताने तपासूनही कळतात. परंतु त्यासाठी पतीला तपासायला तर बोलवावे लागेल!

नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परिचारिका, आशा आणि विशेषतः पुरुष आरोग्य कर्मचारी यांना तेथे या विषयाचे रीतसर शिक्षण देता येईल. तूर्त ग्रामीण रुग्णालयांनी एवढा नियम तरी करावा: पहिल्याच भेटीत पतीची वीर्यतपासणी लिहून द्यावी, आणि तिचा अहवाल येईपर्यंत पत्नीची दुर्बिणीची तपासणी करू नये.