भिंतीच्या पोटात

आजोळच्या वाड्यात कपाट नावाची वस्तूच नव्हती. अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती होत्या आणि त्यांच्या पोटात फडताळं. माजघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरण्या, खाली कुरडया-पापडांचे डबे, दाराशेजारच्या कोनाड्यात कंदील नि काडेपेटी. पल्ले लोटले की उरायची चुना दिलेली भिंत आणि सारवलेली मोकळी जमीन. कितीही पाहुणे येवोत, पंगत बसायची.

डोंबिवलीच्या घराचं काम काढलं तेव्हा हे सारखं आठवत होतं. फ्लॅटची आतली भिंत जेमतेम साडेचार इंचांची, तिच्यात काय मावणार? म्हणून हॉलकडून पुस्तकांची मांडणी, बेडरूमकडून लोखंडी कपाट आणि त्याच्या डोक्यावर बॅगा. प्रत्येकाची उंची वेगळी, रंग वेगळा. दमून घरी आल्यावर नजर टेकायला जागाच नसायची.

सुतारमामांना म्हटलं, "मामा, कपाट नको, वाड्यासारखी भिंत हवी." भिंतीवर इमारतीचा भार नाही, हे इंजिनिअरकडून तपासून घेतलं, सोसायटीची परवानगी काढली आणि मधली भिंत उतरवली. तिच्या जागी छतापर्यंत कपाटांचीच भिंत उभी केली. हँगरला टांगलेल्या कपड्यांना २४ इंच खोली लागते, ते कप्पे बेडरूमकडे उघडतात. पुस्तकांना १० इंच पुरतात, ती हॉलकडे. बेरीज ३४ इंच, म्हणजे जवळपास वाड्याची भिंत! आणि जागाही गेली नाही, कारण दोन्हीकडची कपाटं ती आधीच अडवून बसली होती.

आतली भिंत निवडली याचा मला फार आनंद आहे. बाहेरच्या भिंतीला पाऊस झोडपतो. तिला टेकलेल्या कपाटातल्या कपड्यांना श्रावणापर्यंत कुबट वास सुटतो.

मापं घेताना आम्ही आधी वस्तू मोजल्या. पोळपाट, इस्त्रीचं टेबल, पाहुण्यांच्या गाद्या. गणपतीचं मखर आणि आकाशकंदील वर्षातून एकदाच लागतात, ते सात फुटांच्या वर. पल्ल्यांना मुठी नाहीत, कडेला बोट शिरेल एवढी खाच आहे. रंग इतर भिंतींचाच दिला. हॉलकडे एक कोनाडा उघडा सोडला, त्यात आजीचा कंदील.

खालचा एक खण मुद्दाम रिकामा ठेवलाय. गावाहून मामी आल्या की त्यांची पिशवी तिथे जाते.