परक्या फौजेचा तळ आणि देवाचें नांव

अरबस्तानच्या पूर्व कांठावर, इराणच्या समोर, कतार, बहारीन, कुवेत अशीं लहान लहान राज्यें आहेत. आपल्या कोंकणांत व मुंबईंत अशीं पुष्कळ घरें सांपडतील कीं ज्यांतला कमावता मुलगा त्या मुलखांत गवंडी, सुतार, ड्रायव्हर किंवा आचारी म्हणून गेला आहे. ता. २३ जून २०२५ रोजीं इराणनें कतारमधील अल् उदैद येथील अमेरिकन लष्करी तळावर क्षेपणास्त्रें सोडलीं. कतारचें आकाश विमानांना बंद झालें. ज्यांचें पोर तिकडे होतें त्या आईबापांच्या जिवाची त्या रात्रीं काय दशा झाली असेल, तें सांगावयास नको. त्यांच्या मुलाचें इराणशीं वैर नव्हतें आणि अमेरिकेशीं नातें नव्हतें. तो ज्या गांवीं पोटासाठीं गेला त्या गांवच्या वेशीबाहेर परक्या राज्याची फौज उतरलेली होती, एवढाच काय तो संबंध.

अशा वेळीं चावडीवर दोन तऱ्हेचें बोलणें ऐकूं येतें. एक म्हणतो, हा मुसलमानांतला धर्माचा तंटा आहे, आपल्याला त्यांत काय कळतें! दुसरा म्हणतो, ज्याच्या हातीं विमानें तो वाटेल तेथें तळ ठोकतो, त्यांत धर्म कसला! दोन्ही बोलणीं अर्धवट आहेत. परकी फौज कोणाच्या वेशींत उतरते, कोणाच्या परवानगीनें राहते आणि कशामुळें उठून जाते, याचा जमाखर्च सालवार मांडला म्हणजे धर्म किती, राजकारण किती व भीति किती, तें साध्या माणसालाहि दिसतें. तो आज मांडतों.

ही रीत आजची नव्हे. आखातांतील इंग्रज रेसिडेंट १८७३ सालापर्यंत मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. १९१४ च्या नोव्हेंबरांत तुर्कांशीं युद्ध जुंपलें तेव्हां पूना डिव्हिजनचीं माणसें फाओ येथें उतरलीं. जवळच्या आबादान येथील तेल राखणें हें त्यांचें एक मोठें काम होतें. त्याच महिन्यांत तुर्की सुलतानाच्या नांवें जिहाद पुकारला गेला, आणि इंग्रज सरकारनेंहि जाहीर केलें कीं, अरबस्तानांतील पवित्र स्थळांस आमच्याकडून धक्का लागणार नाहीं. देवाचें नांव दोघांच्याहि तोंडीं होतें, आणि तेल आबादानला होतें. पुढें कुत-अल्-अमारा येथें वेढा पडून ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं जी उपाशी फौज शरण गेली, तींत मराठा पलटणी होत्या. ती देशावरच्या व कोंकणांतल्या कुणब्यांचीं पोरें. त्यांना ना कोणी नकाशा दाखविला होता, ना कोणी मत विचारलें होतें.

आतां सौदी अरबस्तान पाहूं. मुलांना भूगोल शिकवितांना या देशावर मी तीन ठिकाणीं बोट ठेवतों. पश्चिमेस मक्का व मदिना, मध्यें रियाध ही राजाची गादी, आणि पूर्वेस दाहरान, खोबर, कतीफ हा तेलाचा मुलूख. जेथें तीर्थ आहे तेथें तेल नाहीं, आणि जेथें तेल आहे तेथील मूळ रहिवाशांपैकीं पुष्कळजण शिया पंथाचे, म्हणजे राजाच्या पंथाचे नव्हेत. हीं तीन बोटें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढची सर्व गोष्ट उलगडते.

ता. १४ फेब्रुवारी १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची व राजे इब्न सौद यांची सुवेझच्या कालव्यांत एका जहाजावर भेट झाली. त्याच वर्षीं दाहरान येथें अमेरिकन विमानतळ बांधण्याचें ठरलें. तळ तेलाशेजारीं झाला. मक्केपासून तो आडव्या अरबस्तानभर दूर. तो पुढें सतरा वर्षें राहिला. या काळांत १९५३ व १९५६ सालीं तेल कंपनीच्या मजुरांनीं संप केले. मजुरी, राहण्याची सोय व माणुसकीची वागणूक हीं त्यांचीं मागणीं होतीं, आणि शिया व सुनी मजूर एका रांगेंत उभे होते. राजानें १९५६ सालीं संपावरच बंदी घातली. त्याच सुमारास इजिप्तचे नासर सर्व अरबांना सांगत होते कीं, परक्यांचे तळ आपल्या भूमींतून काढा. तो आवाज कैरोच्या रेडिओवरून घरोघर पोंचत होता. अखेर राजा सौद यानें करार पुढें चालविला नाहीं व १९६२ सालीं अमेरिकेनें तो तळ सोडला. वाचकांनीं येथें थांबून पाहावें. तळ आला तो धर्मपंडितांना विचारून आला नाहीं आणि गेला तो मशिदींतील हुकमानें गेला नाहीं. आला तेलासाठीं, गेला अरब लोकांच्या स्वाभिमानामुळें. धर्म तेव्हां बाजूला बसला होता.

तो पुढें आणला कोणीं? राजानेंच. नोव्हेंबर १९७९ मध्यें कांहीं बंडखोरांनीं मक्केची मोठी मशीदच ताब्यांत घेतली व दोन आठवडे झुंज दिली. आमच्यापेक्षां राजा कमी धार्मिक आहे, हें त्यांचें म्हणणें. राजघराणें हादरलें. बंड मोडलें, पण त्यानंतर राजानें धर्मपंडितांचा हात अधिक घट्ट धरला. १९८६ सालीं राजा फहद यानें 'दोन पवित्र मशिदींचा सेवक' हीच आपली पदवी केली. ज्यानें आपल्या राज्याचा खांब तीर्थावर उभा केला, त्याला पुढें त्या तीर्थाचा हिशेब द्यावा लागणार हें उघड आहे.

ती वेळ लवकरच आली. ता. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत गिळलें. सौदी राजाजवळ पैसा होता, शस्त्रें होतीं, पण शेजाऱ्याला तोंड देईल अशी फौज नव्हती. चार दिवसांत अमेरिकन मंत्री जिद्द्यास आले आणि राजानें त्यांची फौज बोलाविली. आतां प्रश्न आला: पवित्र भूमींत अन्यधर्मी शिपाई कसे चालतील? राजानें शास्त्राधार मागितला आणि तो मिळाला. शेख बिन बाझ व वरिष्ठ उलेमांची सभा यांनीं ता. १३ ऑगस्ट रोजीं राजाच्या निर्णयास पाठिंबा दिला. गरज राजवाड्याची आणि आधार शास्त्राचा, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस नवीन वाटूं नये. आधीं निर्णय झाला, मग शास्त्र निघालें. पांच लाखांवर अमेरिकन सैन्य त्या भागांत जमलें व फेब्रुवारी १९९१ अखेर कुवेत मोकळें झालें.

येथवर राजाचें काम झालें होतें. फौज आली तशी गेली असती तर कदाचित् बोलणें वाढलें नसतें. परंतु इराकवर विमानांची गस्त घालण्यासाठीं कांहीं हजार शिपाई राहिले ते राहिलेच. मग ज्या धर्माच्या नांवें दार उघडलें होतें त्याच धर्माच्या नांवें दुसरे लोक विचारूं लागले कीं, हें दार बंद कधीं होणार? सफर अल्-हवाली व सलमान अल्-अवदा या उपदेशकांनीं तसें उघड विचारलें. १९९४ सालीं त्यांना तुरुंगांत टाकलें. त्या देशांत निवडून दिलेली सभा नाहीं, मोर्चाला मोकळीक नाहीं, संपाला बंदी. सरळ बोलण्याची वाट बुजविली म्हणजे माणसें मुकाट बसतात असें नाहीं. त्यांतले कांहीं वाईट वाटेनें जातात. ता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं रियाध येथें बाँब फुटला, त्यांत पांच अमेरिकन मेले आणि दोन हिंदी माणसें मेलीं. ता. २५ जून १९९६ रोजीं खोबर येथील इमारतीपाशीं दुसरा बाँब फुटून एकोणीस अमेरिकन शिपाई ठार झाले. अमेरिकन सरकारनें त्याचा आरोप इराणच्या आधारानें चालणाऱ्या शिया गटावर ठेवला. त्याच वर्षीं ऑगस्टांत ओसामा बिन लादेन यानें दोन पवित्र स्थळांच्या भूमींतील अमेरिकन फौजेविरुद्ध युद्धाची घोषणा केली. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत विमानें पळवून हजारों निरपराध लोक मारणाऱ्या एकोणीसजणांपैकीं पंधरा सौदी होते. या खुनांना कोणतेंहि निमित्त पुरेसें नाहीं. परंतु निमित्त कोणतें सांगितलें गेलें तें विसरतां येत नाहीं.

खोबरच्या स्फोटानंतर फौज शहर सोडून रियाधच्या दक्षिणेस अल्-खर्जच्या वाळवंटांतील प्रिन्स सुलतान तळावर नेली. म्हणजे तळ हालला तो शत्रूकडे तोंड करून हालला नाहीं. देशांतल्या लोकांच्या नजरेआड व्हावा म्हणून हालला. २००३ सालीं अमेरिकेनें बहुतेक फौज व हवाई युद्धाचें मुख्य ठाणें तेथून काढून कतारमध्यें अल् उदैदला नेलें.

आतां जे म्हणतात कीं सर्व कांहीं धर्मच, त्यांनीं कतारकडे पाहावें. तेथील राजघराणेंहि वहाबी मताचें. दोहा येथील मोठ्या मशिदीला त्या मताच्या मूळ पुरुषाचेंच नांव दिलेलें आहे. मग सौदींत जो तळ पाप ठरला तो कतारांत कसा चालला? कारण कतारांत मक्का नाहीं, मदिना नाहीं. खरे नागरिक सुमारें तीन लाख, जमिनींत अपार वायु, आणि दोहों बाजूंस सौदी व इराण हे दोन दांडगे शेजारी. लहान शेतकऱ्याच्या बांधाला दोन मोठे जमीनदार लागले म्हणजे तो तिसऱ्या दांडग्याला आपल्या मळ्यांत खाट टाकून देतो, तसें कतारनें केलें. आपल्या खर्चानें तळ बांधला आणि पाहुणा बोलाविला. २०१७ च्या जूनमध्यें सौदी, संयुक्त अमिरात, बहारीन व इजिप्त यांनीं कतारची वाट अडविली, ती जानेवारी २०२१ पर्यंत. तेव्हां एकधर्मी, एकपंथी शेजारीच वैरी झाले होते, आणि कतारच्या मदतीला तुर्की शिपाई आले व शिया इराणनें वाट दिली. २०१९ सालीं इराणचें भय वाढतांच सौदीनेंहि अमेरिकन फौजेला प्रिन्स सुलतान तळावर पुन्हां बोलाविलें. तीर्थ तेथेंच होतें, शास्त्र तेंच होतें. भीति मात्र बदलली होती.

बहारीनची तऱ्हा आणखी निराळी. तेथें राजघराणें सुनी व मूळ प्रजेंत शियांची संख्या अधिक. १९७१ सालीं इंग्रज गेले आणि त्यांच्या आरमारी जागेंत अमेरिकन आरमार आलें. १९७३ सालीं निवडलेली सभा अमीरानें १९७५ सालीं बरखास्त केली. १९९५ पासून अमेरिकेच्या पांचव्या आरमाराचें ठाणें तेथें आहे. फेब्रुवारी २०११ मध्यें लोक हक्क मागण्यास मोत्याच्या चौकांत जमले. ता. १४ मार्च रोजीं समुद्रावरील पुलावरून सौदी फौज आली, चौक रिकामा झाला आणि चार दिवसांनीं त्या चौकांतील मोत्याचें स्मारकहि पाडून टाकलें. हक्काची मागणी होती, तिला शियांचें बंड असें नांव दिलें. प्रजेची मागणी धर्माच्या खात्यावर टाकली म्हणजे राजाला उत्तर द्यावें लागत नाहीं.

याउलट दोन उदाहरणें सांगतों. फिलिपाइन्स हा बहुतेक कॅथलिक लोकांचा देश, म्हणजे अमेरिकेस धर्मानें जवळचा. तेथील सुबिक बंदरांतील अमेरिकन तळ पुढें ठेवावा कीं नाहीं, यावर ता. १६ सप्टेंबर १९९१ रोजीं सिनेटमध्यें मतें पडलीं. बारा विरुद्ध अकरा मतांनीं करार फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षीं अमेरिकन आरमार निघून गेलें. तुर्कस्तान मुसलमानांचा देश, पण अमेरिकेचा जुना मित्र. इराकवर स्वारीसाठीं आपल्या भूमीवरून अमेरिकन फौज जाऊं द्यावी असा ठराव ता. १ मार्च २००३ रोजीं तेथील पार्लमेंटांत आला. बाजूनें २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. हजर सभासदांपैकीं निम्म्यांहून अधिक मतें न पडल्यानें ठराव पडला. एक देश ख्रिस्ती, दुसरा मुसलमान; दोघांनींहि बलाढ्य मित्राला 'नाहीं' म्हटलें, आणि त्या 'नाहीं' साठीं कोणाला इमारत उडवावी लागली नाहीं. निवडणुकीच्या पेटींतून आलेल्या माणसांनीं हात वर केले, एवढेंच.

माझें म्हणणें एवढ्यावर येतें. तळ कोठें असावा हें आधीं भीति व तेल ठरवितात. मग राजा धर्माला साक्षीला बोलावतो. साक्षीदार एकदां कोर्टांत आला म्हणजे दुसऱ्या पक्षाचा वकीलहि त्याला प्रश्न विचारतोच. मग राजाला राग येऊन उपयोग नाहीं. ज्या राज्यांत प्रजेला विचारण्याची रीत नाहीं तेथें राजाला परका राखणदार लागतो, आणि परका राखणदार आला कीं प्रजा अधिकच दुरावते. या चक्रांत मरतो तो मात्र रोजगारी माणूस, मग त्याचा धर्म कोणताहि असो. रियाधला मेलेल्या दोघां हिंदी माणसांना कोणत्या पंथाचा निकाल हवा होता?

म्हणून अशी बातमी ऐकली कीं, ती कोणत्या धर्माची, हें पहिल्यानें विचारूं नये. जागा कोणाची, परवानगी कोणीं दिली, भय कोणाला आहे आणि घाव कोणावर पडणार, हें विचारावें. आणि एक काम आपल्या हातचें आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनें एक वही ठेवावी: गांवचें कोण माणूस कोणत्या देशीं, कोणत्या शहरीं, कोणाकडे कामास आहे, व त्याची आपल्या वकिलातींत नोंद झाली आहे कीं नाहीं. एजंट सांगतो तो पगार सर्वजण विचारतात. त्याबरोबर कामाच्या जागेपासून लष्करी तळ किती अंतरावर आहे, हेंहि मुलाला पाठविण्यापूर्वीं विचारीत जावें. कुतला गेलेल्या कुणब्यांच्या पोरांना नकाशा कोणी दाखविला नव्हता. आज तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे. घरांतल्या माणसांनीं एकदां येऊन तो पाहून जावा.