वर्गातील नाटक

शाळेतले नाटक म्हटले की स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे उभे राहते. मांडव पडतो, भाड्याचे पोशाख येतात, खणखणीत आवाजाची आठदहा मुले निवडली जातात आणि उरलेली शाळा टाळ्या वाजविण्यासाठी सतरंजीवर बसते. या सोहळ्यास आमचा विरोध नाही. पण त्यास नाट्यशिक्षण म्हणणे म्हणजे सणाच्या पंक्तीला रोजचे अन्न म्हणण्यासारखे आहे. आम्ही ज्याची बाजू मांडू इच्छितो ते नाटक निराळे. त्याला पडदा नाही, प्रेक्षक नाहीत, पाठांतरही नाही. ते गणिताच्या किंवा इतिहासाच्या तासाला, बाके भिंतीकडे सरकवून होते. आणि त्याची निकड मुंबई-पुण्याच्या शाळांहून बीड जिल्ह्यातील शाळांना अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शासनाच्या हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात. पुष्कळशी आईबापांबरोबर फडावरच जातात. परत येतात तोवर पुस्तक पुढे गेलेले असते. असे मूल मागच्या बाकावर बसते, विचारल्यास मान खाली घालते, आणि पुढल्या वर्षी ते शाळेत दिसेलच असे नाही. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद ‘कच्चे’ अशी होते.

वस्तुतः त्यास पुष्कळ ठाऊक असते. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल तोडलेल्या उसाच्या टनांनी फेडावी लागते, हे त्याने घरातल्या बोलण्यातून ऐकलेले असते. पाचवी-सहावीच्या गुरुजींनी हा हिशेबच वर्गात उभा केला तर? एक मुकादम, एक काट्यावरचा कारकून, बाकीची टोळी. भाव ठरतो, वजन मांडले जाते, उचलीतून रक्कम वजा होते आणि बाकी काढताना भांडण जुंपते. त्या भांडणात गुणाकार येतो, वजाबाकी येते; आणि कालपर्यंत मुकी असलेली मुलगी ‘आधी रिकाम्या गाडीचं वजन वजा करत्यात’ असे कारकुनास ठणकावते, तेव्हा पहिल्या बाकावरचा हुशार मुलगाही तिच्याकडे वळून पाहतो. ती बोलीत बोलली म्हणून गुरुजींनी तिला तेथेच अडवू नये, एवढी कृपा करावी. शुद्ध मराठीस पुढे पुष्कळ अवकाश आहे.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावयास हवे. मजुराच्या मुलास मजुराचीच भूमिका देणे ही क्रूर थट्टा होईल. त्यास मुकादम करावे, कारखान्याचा अध्यक्ष करावे. आणि सावकाराच्या किंवा नोकरदाराच्या मुलाने अर्धा तास का होईना, कोयता हाती धरून उचलीचा हिशेब द्यावा.

इतिहासाचेही तसेच. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्रामदिन ध्वजवंदन व भाषणे यांत आटोपतो. निजामी राजवटीत मराठी मुलास वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे, आणि स्वामी रामानंद तीर्थ याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस शिक्षक होते. वर्गानेच १९४८ पूर्वीची एक पालकसभा भरवावी. मुलाला नोकरी लागावी म्हणून उर्दू शाळेत घालणारा बाप तीत बोलावा, मातृभाषेचा आग्रह धरणारा बोलावा, आणि उर्दूवर मनापासून प्रेम करणारा शिक्षकही बोलावा. त्यास खलपुरुष ठरविले की नाटक संपले आणि इतिहासही.

ही शहरातून आणलेली चैन आहे, असे कोणी म्हणेल. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी वाहते आणि तिच्याच काठी वर पैठण आहे. तेथे सोळाव्या शतकात एकनाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी यांची सोंगे भारुडांतून उभी केली. त्यांना रंगमंच लागला नाही. शाळेलाही लागणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ससेक्समधील हॅरिएट फिन्ले-जॉन्सन या मुख्याध्यापिकेने नाट्यातून सगळे विषय शिकविले, तेही एका खेडेगावच्या शाळेतच.

अडचणी आहेत, आणि आम्ही स्वतः काही वर्षे हाती खडू धरलेला असल्याने त्या ऐकीव नाहीत. दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळेत एका वर्गात गलबला झाला की दुसरा बुडतो. अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. साहेब येतात तेव्हा वही पाहतात, मुलाचा कंठ फुटला काय हे पाहत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेच्या द्वारे विषय शिकविण्याचा पुरस्कार आहे खरा. पण ज्या शिक्षकाने असा एकही तास पाहिलेला नाही, त्याला धोरणाचा कागद काय शिकविणार? शहरातील पालक सुटीतल्या नाट्यशिबिरांना पैसे मोजतात ते मूल धीट व्हावे म्हणून. ज्याच्या आईबापांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या चहात पडते, त्यास तो धीटपणा शाळेतच फुकट मिळावा, ही मागणी अवाजवी नव्हे.

अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने व्याख्याने बाजूस ठेवून शिक्षकांकडून असे तास प्रत्यक्ष करवून घ्यावेत. जिल्हा परिषदेने आठवड्यातून दोन तास यासाठी मोकळे ठेवावेत; त्यांना गुण नसावेत, स्पर्धा नसावी, पाहुण्यांपुढे प्रदर्शन तर मुळीच नसावे. आरंभ कोठून करावा हा प्रश्न अवघड नाही. टोळ्या गावी परततात त्या आठवड्यात, परत आलेल्या मुलांची चाचणी घेण्यापूर्वी, पहिला तास काट्यावरच्या हिशेबाचा ठेवावा.